टाच दुखते? आधी गोठ्यातले पायताण पाहा



ऊस वाहतुकीला बैल जुंपायचे म्हटले की आपण आधी त्यांना पत्र्या मारून घेतो. डांबरी सडकेवर खूर झिजतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गाय जरा लंगडली की लगेच दवाखान्याची वाट धरतो. पण त्याच गाई-बैलांची पहाटेपासून उस्तवार करणाऱ्या माणसाच्या पायाकडे घरात कोणाचे लक्ष असते का? आज थोडे त्याविषयी बोलू.

मागच्या हिवाळ्यात खनिज मिश्रणाची माहिती देण्यासाठी एका गावी गेलो होतो. दावणीला चार संकरित गाई, दोन बैल. वहिनी शेणाची पाटी घेऊन बाहेर आल्या, त्या चवड्यावर चालत. टाच जमिनीला टेकवत नव्हत्या. विचारले तर म्हणाल्या, "साहेब, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं जीव जातो बघा. मग पाय चालता होतो. दुपारी जरा बसले, की उठताना पुन्हा तेच."

"किती दिवस झाले?"

"वर्ष झालं असेल. गोठ्याला कोबा केला ना, त्यानंतरचंच हे."

दुखण्याचे मूळ वहिनींनी स्वतःच सांगून टाकले होते. गोठ्याची जमीन बदलली, पण पाय अनवाणीच राहिले.

कोब्याने काय केले?

पूर्वी गोठ्यात मुरूम किंवा माती असे. पाऊल पडले की जमीन थोडी दबायची आणि अंगाचा भार वाटून घ्यायची. कोबा आणि शहाबादी फरशी स्वच्छतेला चांगली. शेण-मूत वाहून जाते, कास स्वच्छ राहते, म्हणून आम्हीच पक्का गोठा करायला सांगतो. पण पक्की जमीन दबत नाही. प्रत्येक पावलाचा दणका टाचेलाच सोसावा लागतो. त्यात डोक्यावर वैरणीचा भारा किंवा हातात दुधाची बादली असली, की टाचेवरचा भार आणखी वाढतो.

आपल्या तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. धनुष्याला दोरी असावी तसा तो पायाची कमान धरून ठेवतो. कडक जमिनीवर तासन् तास उभे राहून हा पट्टा टाचेजवळ ताणतो आणि दुखावतो. रात्री झोपेत तो आखडतो. सकाळी पहिले पाऊल टाकताच एकदम ताणला जातो आणि कळ येते. थोडे चालल्यावर सैल होतो, म्हणून आपल्याला वाटते, 'राहिलं बाई!' पण दुखणे गेलेले नसते.

पन्नाशीकडे आलेल्यांना, वजन जास्त असणाऱ्यांना आणि दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. वर्षानुवर्षे टाचेवर भार पडून तिथली नैसर्गिक गादीही पातळ होत जाते.

गोठ्यात पायताण का नको?

वहिनींना म्हटले, "गोठ्यात पायात काहीतरी घाला." तेवढ्यात ओट्यावरून आजींचा आवाज आला, "लक्ष्मीच्या घरात पायताण? आमच्या सात पिढ्यांत कोणी घातलं नाही."

आजींचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. गोठ्याचा मान राखायचाच आहे. मी त्यांना एवढेच विचारले, "आजी, बैलाला पत्री मारता, ती काय मान कमी करायला?" आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बाहेरचं मळकं नको, एवढंच."

आणि खरे सांगायचे तर आजींची ही अट शास्त्रालाही धरून आहे. गोठ्यासाठी वेगळा, धुतलेला जोड ठेवावा. तो घालून गावात फिरू नये आणि बाहेरचे पायताण गोठ्यात आणू नये. लाळ-खुरकुतासारख्या रोगाचे विषाणू माणसाच्या पायताणाला चिकटूनही एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातात. गावात साथ असेल तर १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्या पाण्याने जोड धुवावा.

कोणते पायताण कसे?

हवाई चप्पल : सगळ्यांच्या घरी असते, पण गोठ्यात सर्वांत धोक्याची. शेणात घसरते. पायातून निसटू नये म्हणून बोटे सारखी आवळून धरावी लागतात, त्याने तळवा आणखी दुखतो. टाचेखाली झिजून कागदासारखी झाली तरी आपण टाकत नाही.

टायरची चप्पल : काट्याकुट्यात, रानात उत्तम. मात्र टायर दबत नाही. आतून मऊ थर नसेल तर टाचदुखीला तिचा उपयोग नाही.

चामडी वहाणा : कोरड्यात छान. शेण-मुताच्या ओलीने चामडे कडक होते, तडकते आणि कुजते. त्या गावाला जाण्यासाठी ठेवा.

गमबूट : ओल, शेण, खुराचा ओरखडा यांपासून चांगले रक्षण होते. पण आतून ते सपाट आणि कडक असतात. नुसता गमबूट घालून टाच थांबणार नाही. आत मऊ तळवा घातलाच पाहिजे. साडी नेसून काम करणाऱ्या भगिनींना गुडघ्यापर्यंतचा गमबूट अडचणीचा होतो. त्यांनी घोट्याच्या थोडा वरपर्यंत येणारा आखूड बूट पाहावा.

मागे पट्टा असलेली फोमची किंवा मऊ रबराची सँडल : वजनाला हलकी, धुवायला सोपी, टाचेला मऊ. कोरड्या दिवसांत झाडलोट, वैरण-पाणी यासाठी चांगली. तळाला खाचा हव्यात आणि मागचा पट्टा हवाच. जनावर पायावर पाय देईल अशा कामाला मात्र पुढून बंद, जाड बूटच घाला.

घेताना या पाच परीक्षा करा

१. संध्याकाळी काम आटोपल्यावर जुन्या वर्तमानपत्रावर उभे राहून पेन्सिलीने दोन्ही पावलांची आकृती काढा. दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो, तेच माप खरे. आकृती कापून दुकानात न्या आणि पायताणात घालून पाहा. कागदाच्या कडा दुमडल्या तर जोड अरुंद आहे. दोन्ही पाय सारखे नसतील तर मोठ्या पायाचे माप धरा.

२. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. टाच मात्र मागे हलता कामा नये.

३. टाचेच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. थोडे दबून परत वर आले तर चांगले. दगडासारखे लागले किंवा दबले ते दबलेच राहिले, तर ठेवून द्या.

४. जोड हातात धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्याजवळ वाकावा. मधोमध घडी पडत असेल तर पायाच्या कमानीला आधार मिळणार नाही.

५. तळ ओला करून दुकानाच्या फरशीवर हाताने दाबून ढकलून पाहा. सहज सरकला तर गोठ्यातही सरकणार.

आणखी एक. नवऱ्याचा जुना गमबूट बायकोने घालायचा, असे बऱ्याच घरी चालते. ढगळ बुटात पाय मागे-पुढे घासतो, फोड येतात आणि ओल्यावर घसरून पडण्याची भीती असते. बायकांच्या मापाचे, म्हणजे ४-५ नंबरचे बूट दुकानदाराकडे मागून घ्या. साध्या गमबुटाचा जोड पशुखाद्याच्या एका पोत्यापेक्षा स्वस्तच पडतो.

आहे त्यात सुधारणा

नवीन घेणे लगेच जमत नसेल तर आहे त्या बुटात मऊ रबराचा तळवा घाला. कागदी आकृती चांभारदादांना दिली तर ते बरोबर मापाचा कापून देतील. टाचेखाली थोडी जाडी जास्त ठेवायला सांगा. तळवा घातल्यावर बूट आवळणार नाही ना, हे बघा. गमबुटात सुती मोजे घालावेत आणि रोज धुवावेत.

गोठ्यातही थोडा बदल करता येतो. जिथे आपण जास्त वेळ उभे राहतो, म्हणजे गव्हाणीपुढे आणि कडबा कुट्टीच्या यंत्रापाशी, तिथे जाड रबरी चटईचा तुकडा टाका. नवीन कोबा करणार असाल तर तो घोटून गुळगुळीत करू नका. ओला असतानाच रेघा पाडून घ्या आणि दर ५ फुटांना १ ते दीड इंच उतार द्या. पाणी साचणार नाही आणि माणूस व जनावर दोघेही घसरणार नाहीत. धार काढताना उकिडवे बसवत नसेल तर छोटा पाट किंवा बुटका स्टूल घ्या.

पाय कोरडा ठेवा

शेण-मुतात पाय भिजत राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचेला भेगा पडतात. या भेगा म्हणजे रोगाला उघडे दार. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. पावसाळ्यात उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून येणारे लेप्टोचे जंतू अशाच जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर घरी न थांबता आरोग्य केंद्रात जा आणि आपण गोठ्यात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जखम झाली तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करा.

काम झाले की पाय धुवा, बेचक्या पुसून कोरड्या करा आणि भेगांना खोबरेल लावा. बेचक्यांत मात्र तेल लावू नका. बूट धुऊन खुंटीवर उलटे टांगा. आणि पहाटे घालण्याआधी उलटे करून आपटायला विसरू नका. विंचवाला अशी अंधारी जागा फार आवडते.

दोन सोपे व्यायाम

अंथरुणातून उठण्याआधी पाय लांब करून बसा. चवड्याला टॉवेल किंवा पंचा अडकवून पाऊल आपल्याकडे ओढा आणि ३० आकडे मोजा. असे तीन वेळा करा. मगच पाय जमिनीवर ठेवा, तोही चप्पल घालून.

दुसरा व्यायाम भिंतीपाशी. दोन्ही हात भिंतीला टेका. दुखरा पाय मागे, गुडघा ताठ आणि टाच जमिनीला टेकलेली. पुढचा गुडघा वाकवून पोटरीला ताण द्या, ३० आकडे मोजा. हाही तीन वेळा. दिवसातून दोनदा केले तरी पुरे. संध्याकाळी थंड पाण्याची बाटली तळव्याखाली घेऊन पाच-दहा मिनिटे पुढे-मागे फिरवली की आराम वाटतो. दुखणे काही आठवड्यांत उतरू लागते, पूर्ण जायला काही महिनेही लागतात. धीर सोडू नका.

साखरेचा आजार असेल तर

मधुमेह असणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होते. खिळा टोचला, फोड फुटला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून अनवाणी एक पाऊलही टाकू नका. रोज रात्री तळवा पाहा, वाकवत नसेल तर आरसा धरा किंवा नातवंडाला बघायला सांगा. दुखऱ्या पायाला शेक देऊ नका, गरम पाण्यात पाय बुडवू नका. भाजलेले कळणार नाही. बर्फासारखे गारही लावू नका. नवीन जोड पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढल्यावर पाय लाल झाला आहे का ते पाहा. बधिर पायासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला मिळतात, त्यांविषयी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

टाच लाल होऊन सुजली, ताप आला, पाय बधिर झाला, मुंग्या येऊ लागल्या, पडल्यावर पाय टेकवेना, रात्री झोपेतही ठणका राहिला, किंवा इतके करून दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दुकानातून वेदनेच्या गोळ्या आणून महिनोन् महिने घेऊ नका. त्या जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

उन्हाळ्यात त्या गावी पुन्हा जाणे झाले. गोठ्याच्या दाराशी आखूड बुटांचा एक जोड खुंटीला उलटा टांगलेला होता. वहिनी म्हणाल्या, "अजून थंडीवाऱ्याचं थोडं दुखतं, पण टाच टेकवते आता." त्याच्या शेजारच्या खुंटीवर दुसरा, लहान मापाचा जोड होता. कोणाचा म्हणून विचारले, तर ओट्यावरून आवाज आला, "माझाच आहे. गोठ्यातलाच आहे हो, बाहेर नाही नेत!"

मंडळी, आज संध्याकाळी धार काढून झाली की घरात गोठ्याचे काम जो कोणी करतो, त्याचे पाऊल वर्तमानपत्रावर काढून घ्या. पुढच्या बाजाराला जाताना तो कागद खिशात असू द्या.