गाडी सरळ चालते, म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे?

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे. ज्यांना वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी इथे लिहून देतोय.

आमच्याकडे बाबांची जुनी हॅचबॅक आहे. चार माणसं बसली की स्पीडब्रेकरवर खालून 'खर्रर्र'. म्हणून मी पुढच्या स्प्रिंगमध्ये रबरी स्पेसर बसवून घेतले. गाडी उचलली गेली, मी खूश. मेकॅनिक म्हणाला, "आता अलाइनमेंट करून घ्या." मी म्हटलं, "कशाला? सरळ तर चालतेय."

काही महिन्यांनी भर पावसात ताम्हिणी घाटात ब्रेक दाबला आणि पुढची चाकं सरकली. शेजारी बाबा. नशिबाने गाडी थांबली. खाली उतरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत झालेली.

आता हे का होतं? एक हात खांद्यातून सरळ आडवा धरा. (गाडी चालवत असाल तर नंतर!) आता हात खाली न्या. बोटं शरीराच्या जवळ आली ना? चाकाला धरणारा लोअर आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड, दोघंही असेच झुलतात. पण दोघांची लांबी आणि जागा वेगळी, त्यामुळे दोघं सारखे आत येत नाहीत. गाडीची उंची बदलली की टाय रॉड स्टीअरिंग न फिरवताच चाक थोडं वळवतो. याला म्हणतात टो बदलणं. चाक आत वळेल की बाहेर, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून. सोबत कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कलही बदलतो. बहुतेक छोट्या गाड्यांत उंची कमी केली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, वाढवली की बाहेर.

आणि मी इथेच फसलो. दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या, म्हणून दोन्ही चाकं सारखीच चुकली. ओढ एकमेकांना कापते, गाडी सरळ चालते आणि टायर मात्र घासत राहतात. ५८ सेंटिमीटर व्यासाच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त २ मिलिमीटरचा फरक असला, तरी ते चाक दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवं घासतं!

मग करायचं काय?

१. आधी टायरमधली हवा आणि टाय रॉड एंड, बॉल जॉइंटमधला प्ले तपासा. ढिल्या भागांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

२. लोअर आर्मचे बोल्ट सोडले असतील, तर ते चाकांवर गाडीचं वजन असताना शेवटचे आवळायला सांगा. गाडी हवेत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

३. उंची बदलली की लगेच अलाइनमेंट. स्प्रिंग नवीन असेल तर ती थोडी बसते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासून घ्या.

४. क्रम असा: आधी कॅम्बर, शेवटी टो. कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. बऱ्याच गाड्यांत कॅम्बरला कंपनीची सेटिंगच नसते, वेगळा कॅम्बर बोल्ट लागतो. तोही पुरत नसेल तर उंचीच जास्त बदलली आहे, असं समजा.

५. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या.

घरी एक सोपी तपासणी करता येते. गाडी बंद करून टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय.

मला दोन नवीन टायर घ्यावे लागले. बाबांनाही खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मेकॅनिकचं ऐकलं असतंस तर?"

तुम्ही ऐका. भेटू पुढच्या भागात!