हातच्या कांकणाला आता आरसा हवा

डोळ्यांनी पाहिलेले ते खरे, हा आपला पिढीजात हिशोब. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ असे म्हणत आपण मोठे झालो. हा हिशोब आता जुळेनासा झाला आहे.

तसे पाहिले तर चित्रातली करामत आपल्याला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम झाले अण्णा साळुंके आणि सीता झाली तीही त्यांनीच. पण तो प्रेक्षक तिकीट काढून, राजीखुशीने चमत्कार पाहायला बसला होता. १९८७ च्या ‘द रनिंग मॅन’ या हॉलिवूडपटात मात्र उलटा प्रकार आहे. निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायला नकार देणाऱ्या वैमानिकालाच, चित्रफितीत काटछाट करून, सरकार खुनी ठरवते. पुढे दुसऱ्याच्या धडावर त्याचा चेहरा बसवून त्याचा मृत्यूही टीव्हीवर दाखवला जातो. तेव्हा ही कल्पनेची भरारी वाटली. जानेवारी २०२४ मध्ये मात्र सचिन तेंडुलकरला जाहीरपणे सांगावे लागले, की एका गेमिंग ॲपची शिफारस करणारा चित्रफितीतला सचिन बनावट आहे.

सचिनचे ऐकायला अवघा देश होता. विठ्ठलवाडीतल्या एखाद्या मुलीचे कोण ऐकणार? कल्याणच्या पुढच्या या स्टेशनावर उतरून ती घरी पोचेपर्यंत दुकानातले, सोसायटीच्या फाटकावरचे कॅमेरे तिला पाहत असतात. चोर सापडावा म्हणून ते हवेतही. पण ते चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे सोसायटीच्या सभेत किती जण विचारतात? आणि लग्नातला तिचा साधा फोटो उचलून कुणी त्याचे नको ते केले, तर घरातला पहिला प्रश्न असतो, ‘तू फोटो काढू दिलासच कशाला?’ खरा घाव तिथे बसतो.

बँकेत आम्ही चेकवरची सही नमुना कार्डाशी ताडून पाहत असू. माणूस दोनदा अगदी एकसारखी सही करत नाही. त्यामुळे रेघ न् रेघ जुळली, की उलट शंका यायची. मग खाते उघडून पाहायचे, आजवरचा व्यवहार कसा आहे ते तपासायचे. घरातल्या मुलीचे वीस वर्षांचे खाते आपल्यापुढे असते. एका चित्रापायी ते खोटे कसे मानायचे?

कायदाही आता चित्राला एकट्याने साक्ष देऊ देत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तिचा आकडी ठसा, म्हणजे हॅश, नोंदवावा लागतो. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी तो ठसा बदलतो. म्हणून असा प्रसंग आलाच, तर घाबरून काही पुसू नये. आले तसे जपून ठेवावे आणि पोलिसांकडे जावे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्येच दिला आहे.

न्यायालय चित्राकडे पुरावा मागते. मग घराने माणसाकडे का मागावा? आधी मुलीचे ऐकावे, चित्राचे मागाहून पाहू.