उपास एकट्याचा, पारणं मंडळीचं

रायपूरच्या आसपास २०२५ सालचा फाल्गुन चांगलाच दाटीवाटीचा गेला. राजिमच्या संगमावर माघी पौर्णिमेला सुरू झालेला कुंभ कल्प २६ फेब्रुवारीला महाशिवरात्रीच्या स्नानाने आटोपला. २ मार्चला रमजानचा पहिला रोजा झाला. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून सतनामी भाविकांची पावलं गिरौदपुरीच्या जत्रेकडे वळली. ती जत्रा चालू असतानाच, ५ मार्चला, राखेचा बुधवार आला आणि ख्रिस्ती उपवासकाळ सुरू झाला. रायपूरचे कॅथलिक त्याला ‘चालीसा’ म्हणतात, तर प्रॉटेस्टंट घरांत सर्रास ‘लेंट’ हाच शब्द चालतो.

कॅलेंडरवर हे दिवस मोजले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्यामुळे त्या दिवशी उपास धरत नाहीत. सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही या काळाची तीन व्रतं. कॅथलिक नियम आज तसा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस कडक उपासाचे, तेही १८ ते ५९ या वयोगटासाठी, आणि त्या दिवशीसुद्धा एक पूर्ण जेवण चालतं. बाकीच्या दिवसांत कोण काय सोडतं ते बहुतांशी ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी मांस सोडतं, कुणी चहा, अलीकडे कुणी मोबाइलवरची रिळं.

या लेखात पाहायचं आहे ते निराळं. छत्तीसगढमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक १.९२ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ९० हजार. त्यातला मोठा भाग उत्तरेकडच्या जशपूर-सरगुजा पट्ट्यातल्या उरांव आदिवासींचा. रायपूर शहरातली मंडळी तर अगदी मूठभर, आणि तीही चार ठिकाणांहून येऊन एकत्र झालेली. एवढ्याशा समाजाला हे चाळीस दिवस दरवर्षी नव्याने उभं करतात का? करत असतील तर नेमकं कशाच्या बळावर?

मुळात हे व्रत सगळ्यांचं होतं

चाळीस दिवसांचा उल्लेख इसवी सन ३२५ च्या नायसिया परिषदेच्या नियमांत सापडतो. त्या परिषदेला २०२५ मध्येच १७०० वर्षं पूर्ण झाली. त्या काळात ईस्टरच्या रात्री नव्या लोकांचा बाप्तिस्मा होई आणि त्याआधीचे आठवडे त्यांच्या तयारीचे असत. ज्यांच्या हातून उघड मोठे अपराध घडले होते, त्यांनाही याच दिवसांत प्रायश्चित्त घेऊन पवित्र गुरुवारच्या सुमारास मंडळीत परत घेतलं जाई. आत येणारे आणि परत येणारे अशा दोघांच्या सोबतीला बाकीच्यांनी उपास धरायचा, अशी ही रीत रुजत गेली. पुढच्या शतकांत ती आटत आटत ‘मी काय सोडलं’ या खासगी हिशेबावर आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात हा धागा पुन्हा वर काढला आणि या काळातलं प्रायश्चित्त मनातल्या मनात न राहता सामाजिकही असावं, असं बजावलं.

उपाशी मुलांची नातवंडं

छत्तीसगढच्या मैदानी भागात प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात १८६८ मध्ये ऑस्कर लोर या जर्मन पाद्र्याने केली. रायपूरच्या उत्तरेला बिश्रामपूर इथे त्याने ठाणं वसवलं आणि सतनामी समाजात काम सुरू केलं. सतनामींचे गुरू घासीदास यांच्या शिकवणीत मांस, दारू आणि तंबाखू वर्ज्य. त्यामुळे सतनामी घरांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांना सोडणं आणि पाळणं शिकवायला मिशनरीची गरज नव्हती. संयमाची सवय त्यांनी घरूनच आणली होती.

मग दुष्काळ आले, १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. मध्य प्रांतात माणसं किडामुंगीसारखी मेली. पंडिता रमाबाई याच प्रांतात फिरून उपाशी मुली गोळा करून घेऊन गेल्या आणि केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं. धमतरीत अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये आलं आणि आल्या आल्या दुष्काळी कामाला जुंपलं गेलं. बैतलपूरजवळचा चांदखुरीचा कुष्ठाश्रम १८९७ चा, चांप्याचा १९०२ चा. आजच्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा वंशवेल अशा एखाद्या अनाथाश्रमाच्या रजिस्टरपाशी जाऊन थांबतो. पणजोबांनी सोसला तो सक्तीचा उपास होता. पणतू धरतो तो राजीखुशीचा. ही आठवण जागी असेल तर दानधर्माला वेगळी धार येते, कारण देणाऱ्याला ठाऊक असतं की आपण मुळात घेणाऱ्यांच्या रांगेतले.

कॅथलिकांची घडी पुढे बसली. १९६४ मध्ये रायपूरचं धर्मक्षेत्र नागपूरच्या छायेतून बाहेर पडून स्वतंत्र झालं, १९७३ मध्ये ते धर्मप्रांत झालं आणि २००४ मध्ये ते महाधर्मप्रांत झालं. प्रॉटेस्टंटांच्या घडीतही नागपूर आहेच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली. तिच्यात अँग्लिकन होते तसे बिलासपूर-मुंगेलीकडे पसरलेले डिसायपल्स ऑफ क्राइस्टही होते. डिसायपल्सच्या साध्यासुध्या परंपरेत लेंटला फारसं स्थान नव्हतं, अँग्लिकनांकडे त्याचं आखीव वेळापत्रक होतं. एका छपराखाली आल्यावर हे वेळापत्रक सगळ्यांचं झालं, आणि त्याला भजनाची व घरोघरच्या प्रार्थनेची जोड मिळाली ती इथल्या मातीतून.

सतनामी मुळाचे, मिशनच्या अनाथाश्रमांतले आणि उत्तरेकडचे उरांव यांच्या जोडीला चौथा प्रवाह मल्याळींचा. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तशी केरळातून नर्स, शिक्षक, फिटर, कारकून अशी माणसं आली आणि येताना आपला पन्नास दिवसांचा उपवासकाळ, ‘नोयंबू’, घेऊन आली. पवित्र गुरुवारी रात्री या घरांत बिनखमिराचा पेसहा अप्पम आणि नारळाच्या दुधातलं गोड पेसहा पाल करतात. घरातला वडीलधारा अप्पम मोडतो आणि वयाच्या क्रमाने एकेकाच्या हातावर तुकडा ठेवतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे चूल या कामाला पेटत नाही. त्यांचा अप्पम शेजारीपाजारी किंवा नातलग आणून देतात. हजार मैलांवरच्या वसाहतीत हे शेजारपण पाळायचं, तर कुणाच्या घरी काय घडलं याची बातमी राखावी लागते. मंडळी जिवंत राहते ती अशा बातम्यांवर.

यादी

रायपूरसारख्या शहरात प्रॉटेस्टंट मंडळीच्या उपवासकाळाचा कणा म्हणजे घरोघरची संध्याकाळची प्रार्थनासभा. तिची यादी आधीच तयार होते आणि फलकावर लागते. कोणत्या वारी कुणाचं घर, संदेश कोण देणार, गाणी कोण सांगणार. आता तीच यादी व्हॉट्सॲपवरही फिरते. सातच्या सुमारास दाराबाहेर चपलांचा ढीग होतो, आत सतरंजी अंथरलेली, टीव्हीवर कापड टाकलेलं, भिंतीशी आजीसाठी एकच खुर्ची. ढोलक आणि मंजिरी निघते. गाणी हिंदीत, मधूनच एखादं छत्तीसगढी भजन, आणि त्यावर बायकांचा आवाज चढतो. वचन वाचून होतं, संदेश होतो, मग विनंत्या. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची बदली. शेवटी चहा आणि बिस्किटं. उपासाचा काळ असला तरी आलेल्याला कोरडं परत पाठवणं यजमानीणबाईंना पटत नाही.

वरवर पाहता यात फार मोठं काही नाही. पण ही यादी नीट वाचली की मंडळीची नाडी हाती लागते. गेल्या वर्षी असलेलं कोणतं घर यंदा गळलं? रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांतली सभा आणि नव्या टाउनशिपच्या फ्लॅटमधली सभा, दोन्हीकडे तीच माणसं जातात का? भाऊबंदकीच्या भांडणानंतर एकमेकांच्या दारात न गेलेल्यांना यादी एका संध्याकाळी एकाच सतरंजीवर बसवते. पास्टरने प्रवचनातून वर्षभर सांगून जे होत नाही ते कधीकधी या चहाच्या कपाने होतं. आणि कधी होतही नाही. तेव्हा गैरहजेरी सगळ्यांना दिसते, आणि ते दिसणंही उपयोगाचं असतं.

कॅथलिक पल्लीत (पॅरिशमध्ये) हेच काम शुक्रवारचा ‘क्रूस रास्ता’ करतो. येशूच्या अखेरच्या प्रवासातले चौदा टप्पे, प्रत्येकाशी थांबून प्रार्थना. कारितास इंडियाच्या उपवासकाळातल्या भूक व रोगविरोधी मोहिमेसाठी पैसे बाजूला टाकायचे. ईस्टरपूर्वी पापकबुलीला जायचं.

गावांकडे या दिवसांना आणखी एक कसोटी असते. मार्च-एप्रिल हा मोहाची फुलं गळण्याचा हंगाम. पहाटे अंधारातच बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. घरात रोकड येते ती या फुलांतून आणि दारूही त्यातूनच. त्यामुळे पुरुषाने चाळीस दिवस दारू सोडली की नाही, यावरून घरची बाई उपवासकाळाचं मोल ठरवते. मटण न खाण्याचं तिला फारसं कौतुक नसतं. ते एरवीही कुठे रोज शिजतं?

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन ‘सात वाणीं’ची उपासना होते. क्रूसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात चिंतनं. या प्रथेचा उगम सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूतल्या लिमा शहरात, जेझुइट धर्मगुरू आलोन्सो मेसिया यांच्याकडे. कॅथलिकांची ही देणगी आज भारतात प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीच अधिक जिवापाड जपली आहे. सात जण बोलायचे असल्यामुळे पाळी पाद्र्यापुरती राहत नाही. शिक्षिका, नर्स, निवृत्त कारकून, कॉलेजातला तरुण यांनाही वेदीशेजारी उभं राहून बोलावं लागतं. त्यासाठी आठवडाभर पुस्तक उघडावं लागतं. मंडळीतली कितीतरी वक्ती माणसं या तीन तासांत घडली आहेत.

राजनांदगावची गाडी

मराठी वाचकाला रायपूरचा हा प्रदेश परका वाटायला नको. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले आणि त्यांनी हातात नवा करार ठेवला. राजनांदगाव म्हणजे रायपूरहून पश्चिमेला सत्तरेक किलोमीटर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या आणि पुढे स्वतःच्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे की त्या घराचं नवं होणं फार महागात पडलेलं होतं, आणि ते एकट्या टिळकांचं राहिलं नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. तो प्रयोग त्यांच्यामागे फार तगला नाही, पण त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही उपवासकाळाचा आवाज आहेत.

केडगावला १९०५ मध्ये झालेली आध्यात्मिक जागृतीही अशीच. रमाबाईंनी आधी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मुलींचा एक गट केला, तो वाढत गेला, आणि जूनअखेरीला अख्खं सदन हेलावलं. गट आधी जमला, उमाळा नंतर आला.

२०२५

त्या वर्षी छत्तीसगढच्या ख्रिस्ती लोकांनी राखेचा बुधवार एका ताज्या जखमेसह पाळला. बस्तरमधल्या छिंदवाडा गावातले एक पाद्री ७ जानेवारीला वारले. गावात पुरू देण्यास विरोध झाला आणि मृतदेह तीन आठवडे शवागारात पडून राहिला. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मतं दुभंगली आणि अखेर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. माणूस मातीचा आहे, असं बजावणारी राख कपाळाला लावून घेताना, ती माती कुठली आणि ती कोण देणार, हा प्रश्न इथे पुस्तकी राहिला नव्हता. जुलैत दुर्ग स्टेशनवर दोन केरळी नन्सना अटक झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्या जामिनावर सुटल्या. देशभर गाजलेलं ते प्रकरण ईस्टरनंतरचं, पण हवा तीच.

बाहेरून दाब आला की मंडळी एकवटते, असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. दाबाखाली माणसं जवळ येतात तशी घाबरून दारंही लावून घेतात. घरातल्या प्रार्थनेत ढोलक वाजवावं की नको, असा विचार जिथे करावा लागतो, तिथे यादीत आपलं घर घालायला कुणी कचरलं तर त्याला दोष कसा देणार? अशा वर्षी यादी पूर्ण भरणं हेच मोठं धैर्य.

दोष द्यायचाच तर आतल्या गोष्टींना द्यावा. उपवासकाळात भरलेले बाक ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी रिकामे दिसतात. सतनामी मुळाचे, उरांव, मल्याळी, जुन्या मिशन कंपाउंडातले, असे गट सोयरीक जुळवताना अजूनही मूळ विचारतात. कॅथलिकांची यादी वेगळी, सीएनआयची वेगळी, पेंटेकोस्टलांची तिसरीच, आणि एकमेकांच्या सतरंजीवर बसण्याचा प्रसंग क्वचितच. रोज सकाळी मोबाइलवर येणारं वचन वाचून अंगठा दाखवला की व्रत झालं, ही सोयही वाढते आहे. नवेपणाचा अनुभव आला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जुनं येणं माफ केलं, असं सांगणारा एखादाच.

२०२६ चा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीचा आणि ईस्टर ५ एप्रिलचा. उपासाचे नियम पुस्तकात आहेत, ते कुणालाही एकट्याने पाळता येतील. मंडळी नवी झाली का, हे पाहायचं तर मात्र ईस्टरनंतरची तीच यादी पुन्हा हाती घ्यावी लागेल. त्या घरांमध्ये आता, प्रार्थनेचं निमित्त नसतानाही, जाणं-येणं चालू राहिलं असेल, तर चाळीस दिवस कामी आले. नसेल, तर माणसं फक्त उपाशी राहिली.