महूचा गोलरक्षक : कॅप्टन शंकर लक्ष्मण



आंतरशालेय हॉकीचा संघ निवडताना दरवर्षी एकच अडचण येते. सेंटर फॉरवर्ड व्हायला दहा मुले पुढे येतात, गोलमध्ये उभे राहायला एकही नाही. "सर, तिथे फक्त मार खावा लागतो," असे सातवीतल्या एकाने मला स्पष्टच सांगितले. म्हणून या अंकात आपल्यापासून जेमतेम तेवीस-चोवीस किलोमीटरवर जन्मलेल्या एका गोलरक्षकाविषयी लिहीत आहे.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महूचा. महू ही फौजेची छावणी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान आणि हॉकीचेही गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार किशनलाल हेही महूचेच. शंकर १९४७ साली फौजेत भरती झाले, तेही बँडमध्ये वाजविणारा म्हणून! पुढे त्यांची नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत झाली आणि १९७९ मध्ये ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. घरचे मराठी नसलेला हा माणूस मराठ्यांच्या पलटणीचा अधिकारी झाला, याचे आपल्या समाजाला कौतुक वाटायला हरकत नाही.

आता गोलरक्षकाचे काम नेमके काय, ते पाहू. हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. चेंडू दीडशे ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा, पण दगडासारखा कडक. आजचा गोलरक्षक हेल्मेट, छातीचे कवच, जाड पॅड असा सर्व सरंजाम घालून उतरतो. शंकर लक्ष्मण यांच्या काळी तोंडावर काहीच नसे, पायाला साधे पॅड असत आणि मैदान गवताचे. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदान १९७६ साली माँट्रियलला आले. गवतावर चेंडू केव्हा उसळेल याचा नेम नसे. सगळा भरवसा नजरेवर.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. अंतिम सामना पाकिस्तानशी, १-० असा जिंकला. १९६० मध्ये रोमला त्याच पाकिस्तानकडून ०-१ अशी हार झाली आणि १९२८ पासूनची सुवर्णपदकांची साखळी तुटली. एकच गोल! पण गोलरक्षकाचा एक गोल लोक वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

म्हणून २३ ऑक्टोबर १९६४ चा टोकियोचा अंतिम सामना महत्त्वाचा. पुन्हा पाकिस्तानच समोर. पूर्वार्धात गोल नाही. उत्तरार्धात भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला, पृथिपाल सिंगांनी जोरात फटका मारला आणि चेंडू गोलमध्ये जाणार तोच पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाला लागून थांबला. येथे अंपायरची परीक्षा होती. बचाव करणाऱ्याच्या पायाला वर्तुळात चेंडू लागला तर सामान्यपणे पेनल्टी कॉर्नर देतात. परंतु त्या पायामुळे होणारा गोल अडला असेल तर पेनल्टी स्ट्रोक द्यावा लागतो, म्हणजे एक खेळाडू, एक गोलरक्षक आणि मध्ये कोणी नाही. आज अशा निर्णयासाठी व्हिडिओ पाहता येतो. त्या वेळी क्षणभरात, आपल्याच डोळ्यांनी ठरवावे लागे. अंपायरने स्ट्रोक दिला, मोहिंदर लाल यांनी गोल केला. त्यानंतर पाकिस्तानने हल्ल्यांवर हल्ले केले, पण शंकर लक्ष्मण यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. भारत १-०, सुवर्णपदक परत.

मुलांनो, फलकावर नाव मोहिंदर लाल यांचे लागले. गोल अडविल्याची नोंद फलकावर होत नाही.

त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते संघाचे कर्णधार होते. गोलरक्षकाकडे कर्णधारपद येणे त्या काळी फार दुर्मीळ. तेथेही अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक मिळाले. १९६७ मध्ये पद्मश्री. आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात मात्र त्यांचे नाव नव्हते. त्यांनी हॉकी सोडली.

पुढचे लिहिताना मला संकोच वाटतो. निवृत्तीनंतर ते महूलाच राहिले. दिवस ओढग्रस्तीचे होते. पायाला गँग्रीन झाले, ज्या पायांनी ऑलिंपिकच्या तीन अंतिम सामन्यांत चेंडू अडविले त्याच पायाला. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले. इंदूरहून महूला गाडीने तासाभरात पोहोचता येते. माझी नोकरी याच शहरात, आणि मी एकदाही त्यांना भेटायला गेलो नाही. शाळेत बोलवावे, मुलांशी त्यांनी दोन शब्द बोलावे, हे सुचलेसुद्धा नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शाळेकडे असलेले गोलरक्षकाचे पॅड फाटले आहेत आणि हेल्मेट एकच आहे, तेही मोठ्या मुलांच्या मापाचे. निवड चाचणीपूर्वी लहान मापाचा एक पूर्ण संच घेता आला तर बरे होईल. सातवीतल्या त्या मुलाने, हेल्मेट मिळाले तर गोलमध्ये उभा राहीन, असे कबूल केले आहे.

मुख्याध्यापक