विहिरीत निघालेला चमकता दगड जातो कुठे? खाणीतून स्फटिक काढणाऱ्यांचं काम समजून घ्या

खडकवासला (ता. हवेली) : आपल्या भागात विहीर खोदताना, रस्त्यासाठी डोंगर फोडताना किंवा खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या दगडात कधी कधी पांढरे, हिरवट, गुलाबीसर चमकणारे खडे दिसतात. गावात त्याला सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. पोरं खिशात घालतात, मोठी माणसं तुळशी वृंदावनात ठेवतात, बाकीचं खडीत जातं. पण याच खड्यांना अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, जपान इथे मोठी मागणी आहे. ते न मोडता बाहेर काढणं हा पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर भागातल्या काही कुटुंबांचा पोटापाण्याचा धंदा आहे. हे काम चालतं कसं, पैसा कुणाला मिळतो, धोका काय आणि कायदा काय म्हणतो, ते पाहू.

दगडात स्फटिक आले कुठून?

खडकवासल्याचं जुनं धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधलं गेलं. त्याला लागलेला काळा पाषाण, समोरचा सिंहगड, घरासमोरची खडी, सगळं एकाच जातीचं. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांवर बसलेला आहे.

लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले. भाकरी फुगते तेव्हा आत पोकळी राहते, तसंच. नंतर लाखो वर्षं या पोकळ्यांतून गरम, क्षार असलेलं पाणी झिरपलं आणि आतल्या भिंतींवर हळूहळू स्फटिक वाढले. पोकळी वाटाण्याएवढी असेल तर दगडावर नुसता पांढरा ठिपका दिसतो. पोकळी मोठी असेल तर आत माणूस वाकून शिरेल एवढी जागाही निघते. खाणीवरचे लोक तिला ‘पॉकेट’ म्हणतात.

यातल्या बऱ्याच खनिजांना मिळून झिओलाइट म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिलं. अर्थ ‘उकळणारा दगड’. या खनिजाच्या आत पाणी असतं आणि तापवलं की ते फसफसून बाहेर येतं. स्टिल्बाइट, ह्युलंडाइट, स्कोलेसाइट ही यातली नेहमी सापडणारी नावं. त्यांच्यासोबत अपोफिलाइट, कॅल्साइट आणि गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे स्फटिकही निघतात.

पुणे जिल्ह्याचं नाव जगात कशामुळे?

मुंबई–पुणे रेल्वेसाठी १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला गेला. हजारो मजुरांनी ते काम केलं, अनेकांचा जीव गेला. त्या खोदाईत निघालेले सुंदर स्फटिक इंग्लंडमधल्या संग्रहालयांत पोहोचले. पुढे पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणीतून हिरवा अपोफिलाइट निघाला आणि संग्राहकांत पुण्याचं नाव पक्कं झालं.

सगळ्यात गाजला तो वाघोलीचा निळा खडा, कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिन्हींच्या नावांवरून हे नाव बनलं. हे खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात माहीत होतं, पण तिथे फारच थोडं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणीत गडद निळ्या रंगाचे त्याचे गोळे निघू लागले आणि आज जगभरच्या संग्रहांत दिसणारं बहुतेक कॅव्हान्साइट वाघोलीचंच आहे. परदेशी संग्रहालयात त्याखाली ‘वाघोली, पुणे, भारत’ अशी चिठ्ठी असते.

विहिरीही मागे नाहीत. राहुरीजवळच्या मोमीन आखाडा इथे विहिरीच्या खोदाईत अपोफिलाइटचे गोलसर, लखलखते झुबके निघाले. संग्राहक त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हणतात.

काम चालतं कसं?

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. आपल्याकडे स्फटिकासाठी वेगळी खाण सहसा नसते. खाण असते खडीची आणि डबराची. पोकलेन, ब्रेकर, डंपर, क्रशर सगळं त्यासाठी चालतं. सुरुंगानंतर कड्यात पॉकेट उघडं पडलं तर तिथला कामगार किंवा मुकादम ओळखीच्या माणसाला फोन करतो. तो माणूस घण, छिन्नी, पहार आणि कापूस-कागद घेऊन येतो. क्रशरचं काम थांबत नाही, त्यामुळे हातात वेळ थोडा असतो. कधी तासभर, कधी एक रात्र.

आता खरी कसोटी लागते. स्फटिकावर घाव घालायचा नसतो. मागचा काळा दगड थोडा थोडा सुटा करत अख्खा तुकडा हलवायचा असतो. स्कोलेसाइटच्या सुया केसासारख्या असतात, बोट लागलं तरी तुटतात. ओकेनाइटचे गोळे कापसासारखे दिसतात, एकदा दाबले गेले की परत फुलत नाहीत. अपोफिलाइटचा एका दिशेने पापुद्रा सुटतो. टोक उडालं की शंभर रुपयांच्या मालाचे दहा होतात.

बाहेर काढल्यावर साधं पाणी आणि मऊ ब्रश. घाई म्हणून ॲसिड वापरलं तर कॅल्साइट विरघळून जातो आणि झिओलाइटची चमक मरते. मग कागदात, कापसात गुंडाळून खोक्यात भरायचं. पॅकिंग चुकलं तर माल घाटातल्या खड्ड्यांत मोडतो.

खडीच्या खाणी पावसाळ्यात पाण्याने भरतात, काम थंडावतं. विहिरींची खोदाई उन्हाळ्यात होते, म्हणून विहिरीतला माल मार्च ते मे या दिवसांत जास्त येतो. कित्येक आठवडे एकही चांगलं पॉकेट दिसत नाही. या काळात बहुतेक जण खडी फोडतात, मजुरी करतात, शेती बघतात.

पियानो वाजवणारा आणि पॉकेट उघडणारा

तुलना जरा वेगळी वाटेल, पण काम समजायला मदत होते. पियानो म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ म्हणा, ८८ पट्ट्यांचा. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा पियानोवादक लहानपणापासून रोज कित्येक तास रियाज करतो, तेव्हा कुठे दीड तासाचा कार्यक्रम उभा राहतो. नुसत्या कार्यक्रमांवर घर चालवणारे थोडे, बाकीचे शिकवण्या करतात. तबलजी, पेटीवाले यांचंही तेच.

स्फटिक काढणाऱ्याचा हातही असाच वर्षांनी तयार होतो. कुठल्या आवाजाला दगड पोकळ आहे, छिन्नी किती तिरकी धरायची, कधी थांबायचं, हे पुस्तकात मिळत नाही. बाप, काका, मोठा भाऊ यांच्याजवळ बसून शिकावं लागतं. दोघांनाही अनेक दिवसांची मेहनत काही मिनिटांत पणाला लावावी लागते.

फरक इथून पुढे आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वादकाचं नाव छापतात. स्फटिकाच्या चिठ्ठीवर खनिजाचं नाव असतं, गावाचं असतं, विकणाऱ्याचं असतं. काढणाऱ्याचं नाव नसतं.

सगळीकडे असंच आहे असं नाही. आल्प्स पर्वतात स्फटिक शोधणं हा जुना, मानाचा व्यवसाय आहे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या दोघांपैकी एक, जाक बाल्मा, हा स्फटिक शोधणाराच होता. शामोनी गावात आज त्याचा पुतळा आहे. स्वित्झर्लंडच्या काही भागांत आजही परवाना काढून लोक हे काम करतात आणि आपला माल आपल्या नावाने विकतात.

पैसा कुठे जातो?

खाणीतून माल स्थानिक खरेदीदाराकडे जातो. तिथून पुणे, नाशिक, मुंबईच्या व्यापाऱ्याकडे आणि पुढे परदेशी प्रदर्शनात. अमेरिकेत टूसॉन शहरात दर फेब्रुवारीत सगळ्यात मोठा बाजार भरतो, जर्मनीत म्युनिकला ऑक्टोबरच्या अखेरीस. छोटा तुकडा काही शे रुपयांना जातो, अखंड आणि दुर्मिळ नमुना लाखांत. प्रत्येक पायरीवर भाव चढतो आणि पहिल्या पायरीवर तो सगळ्यात कमी असतो.

याचं एक कारण म्हणजे माहिती. काढणाऱ्याला बऱ्याचदा खनिजाचं नावही माहीत नसतं, मग भाव कसा सांगणार? यासाठी सिन्नरचं ‘गारगोटी’ खनिज संग्रहालय एकदा जरूर बघावं. आपल्या शेतातला दगड काचेमागे ठेवलेला पाहिला की किंमत कशाला आहे हे डोळ्याला कळतं.

जिवाचा धोका

दगडाची बारीक धूळ रोज छातीत गेली की फुफ्फुसं हळूहळू निकामी होतात. सिलिकोसिसमध्ये झालेलं नुकसान भरून येत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, त्यासाठी धुळीचा खास मास्क लागतो आणि दगडावर पाणी मारून काम करावं लागतं. सतत खोकला, दम लागत असेल तर डॉक्टरांना ‘मी खाणीत काम करतो’ हे आधी सांगा. नाहीतर नुसतं टीबीचं औषध चालू राहतं.

दुसरा धोका सुरुंगानंतरचा. कड्यावर सुटे दगड लटकलेले असतात, कधी न उडालेली दारू आत राहते. चमक दिसली म्हणून लगेच धावू नका. सुरुंग लावणाऱ्या परवानाधारकाने जागा मोकळी म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये. खाणीत १८ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या. खाणकामगारांची मुलं शिकावीत म्हणून वाघोली भागात ‘संतुलन’ संस्थेने पाषाण शाळा चालवल्या. दगड फोडण्यात पिढ्या गेलेल्या वडार कुटुंबांसाठी ती मोठी गोष्ट होती.

असंघटित कामगार म्हणून १६ ते ५९ वयात ई-श्रम नोंदणी मोफत होते. बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेता येतो, त्यात अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. ठेकेदार करून देईल याची वाट बघू नका.

कायदा काय म्हणतो?

‘जमीन माझी, मग दगड माझा’ असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीखालच्या खनिजावर शासनाचा हक्क असतो. विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक केली तर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होतं. विहिरीची खोदाई वेगळी आणि त्यातून निघालेला माल विकणं वेगळं. विकायचा विचार असेल तर आधी तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकारी आणि तहसील कार्यालयाच्या गौण खनिज शाखेत विचारा, उत्तर लेखी घ्या.

तुमच्या विहिरीत पॉकेट निघालं तर

- काम थांबवा. आधी वरचे सुटे दगड आणि विहिरीची कड बघा, मगच खाली उतरा.
- हात लावण्याआधी मोबाईलवर जागेवरचे फोटो आणि व्हिडिओ काढा.
- गाव, गट नंबर, खोली आणि तारीख लिहून ठेवा. कुठून निघाला हे माहीत नसलेल्या नमुन्याची किंमत पडते.
- घण मारू नका, ॲसिड लावू नका, तुटलेला तुकडा डिंकाने चिकटवू नका. चिकटवलेला माल जाणकाराला लगेच कळतो.
- पहिल्याच माणसाला देऊन टाकू नका. दोन-तीन ठिकाणी फोटो दाखवा. महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागात विचारलं तर खनिजाचं नाव कळू शकतं.
- ‘या दगडाने आजार बरा होतो’ म्हणून विकणाऱ्यांपासून आणि रंग दिलेल्या खड्यांपासून सावध राहा. ओकेनाइटचे निळे-गुलाबी गोळे बाजारात दिसतात, तो रंग वरून चढवलेला असतो.

आणि व्यापारी, संग्राहकांना एक सांगणं. चिठ्ठीवर खनिज आणि गाव लिहिता, तिथे काढणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचंही नाव लिहा. एका ओळीची जागा लागते. त्या ओळीमुळे पुढच्या वेळी भाव ठरवताना तो माणूस बरोबरीने समोर बसू शकेल.