कांदे मेनी, पैसे मच

शिरूर-दौंडच्या बाजारात ‘कांदा किती आला?’, ‘पैसे किती झाले?’ आणि ‘घोड नदीला पाणी किती आहे?’ हे तिन्ही प्रश्न एका ‘किती’वर भागतात. इंग्रजीत तिथेच दोन वाटा फुटतात: मोजायच्या वस्तूंना मेनी, न मोजता येणाऱ्यांना मच. नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी चूक होते, आणि ती ठरावीक ठिकाणीच होते.

आपलं अनेकवचन फसवतं

आपण ‘पैसे मिळाले’, ‘तांदूळ निवडले’, ‘केस गळतात’ म्हणतो. म्हणून ‘हाउ मेनी मनी’ सहज तोंडात येतं. पण इंग्रजीत मनी, राइस, हेअर एकवचनी चालतात, त्यामुळे हाउ मच मनी. रुपये मात्र मोजायचे: हाउ मेनी रुपीज.

कांद्याचं उलटं. शेतकरी ‘यंदा कांदा चांगला निघाला’ असं एकवचनात बोलतो, इंग्रजीत मात्र हाउ मेनी अनियन्स. (चिरून कढईत पडला की मच अनियनही चालतं.) ऊस आणि गूळ सरळ आहेत, दोन्हींना मच. पण टन किंवा ढेपा मोजायला लागलात की पुन्हा मेनी. थोडक्यात, मराठी अर्थ बाजूला ठेवा आणि त्या इंग्रजी शब्दाचं अनेकवचन होतं का, तेवढंच पाहा.

एवढासा ‘अ’

‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कुणी आलं नाही. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे चार माणसं तरी आली. घोड नदीत ‘लिटल वॉटर’ ही तक्रार, ‘अ लिटल वॉटर’ म्हणजे आहे थोडंफार. बोलताना नुसतं फ्यू कमीच ऐकू येतं. लोक सरळ नॉट मेनी म्हणतात.

सम आणि एनी

होकारात सम, नकारात आणि प्रश्नात एनी. पण पाहुण्याला चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ एनी म्हटलं तर चूक नाही, आग्रह मात्र पातळ होतो.

अडलंच तर

अ लॉट ऑफ दोन्हीकडे चालतं. उलट ‘आय हॅव मच मनी’ असं सहसा कुणी बोलत नाही. पण हाउ, टू, सो यांच्यानंतर ही पळवाट बंद. रांजणगाव एमआयडीसीची पाळी सुटल्यावर नगर रस्त्यावर टू मेनी ट्रक्स असतात आणि टू मच ट्रॅफिक.