जलपर्णी

उन्हाळ्यात पुण्याजवळील मुळा किंवा पवना नदीच्या पुलावर उभे राहिले, तर कित्येकदा खाली हिरवेगार कुरण पसरल्याचा भास होतो. त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात आणि बगळे खुशाल पावले टाकीत हिंडतात. परंतु ते कुरण नव्हे. ती जलपर्णी होय. नदी तिच्या खाली असते.

ह्या वनस्पतीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनचे खोरे. तेथून माणसांनीच तिला जगभर नेले, आणि तेही बहुधा तिच्या फुलाच्या मोहाने. सहा पाकळ्यांच्या ह्या फुलाच्या वरच्या पाकळीवर निळ्या वर्तुळात पिवळा ठिपका असतो; जणू मोरपिसावरील डोळाच! बागेतील हौदात लावलेली ही रोपे हौदात मावेनाशी झाली, की लोक ती ओढ्यानाल्यांत टाकून देत. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट जॉन्स नदी हिने व्यापली व आगबोटींची वाट अडली. १९१० साली तर रॉबर्ट ब्रूसार्ड नावाच्या प्रतिनिधीने, आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांत सोडावेत, असे विधेयकच अमेरिकेच्या संसदेत मांडले! पाणघोडे जलपर्णी फस्त करतील व लोकांना मांसही मिळेल, असा त्याचा हिशेब होता. ते विधेयक बारगळले, हे नद्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

बंगालमध्ये तिने भातशेते व नौकांचे मार्ग व्यापले, तेव्हा १९३६ साली तेथे तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

एवढे बळ तिच्यात येते कोठून? तिचे देठ फुगीर व आतून हवेने भरलेले असल्यामुळे ती सहज तरंगते. बुंध्यापासून आडवे धुमारे फुटतात व प्रत्येकाच्या टोकाला नवे रोप तयार होते. पाणी मानवले, तर दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो. शहरांच्या सांडपाण्यातून नत्र व स्फुरद आयतेच मिळत असल्यावर तर विचारावयासच नको! मग पाण्यात सूर्यप्रकाश शिरत नाही, प्राणवायू कमी पडतो व मासे गुदमरतात. कोळ्याचे जाळे पाण्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिच्या मायदेशातील एक लहानसा सोंडकिडा मात्र तिचा जन्मवैरी आहे. तो पाने कुरतडतो व त्याच्या अळ्या देठ पोखरतात. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ नंतर हे किडे सोडण्यात आले व पुढील काही वर्षांत तेथील जलपर्णी पुष्कळ ओसरली. भारतातही बंगळूरच्या परिसरात १९८०-९०च्या दशकात हा उपाय योजला गेला.

महाराष्ट्रात ती मुख्यतः यंत्रांनी व हातांनी काढली जाते. हे काम मोठे कष्टाचे; कारण तिच्या वजनाचा नऊदशांशाहून अधिक भाग म्हणजे नुसते पाणी! काठावरचा ढीग सुकून मूठभर उरतो. इकडे फूल कोमेजताच त्याचा दांडा वाकून पाण्यात शिरलेला असतो. तेथून गाळात पडलेली बी पंधरा-वीस वर्षेदेखील रुजण्याची शक्ती राखून असते, आणि पाणी उथळ होऊन ऊन तळाशी पोहोचले, की तिला कोंब फुटतो.